क्लायची पवनचक्की: दळण थांबलं, घर झालं

इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर क्लाय-नेक्स्ट-द-सी नावाचं गाव आहे. एकेकाळचं हे बंदर आता गाळाने भरून समुद्रापासून मागे पडलंय. तिथली विटांची पवनचक्की १७९७ च्या नकाशात दिसत नाही. पण जून १८१९ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात ती विक्रीला निघाल्याची जाहिरात आली, तीही नवी बांधलेली म्हणून. गिऱ्हाईक मिळालं नाही. १८७५ पर्यंत ती फार्दिंग कुटुंबाकडेच राहिली, पुढे बरोज कुटुंबाने चालवली. साधारण १९१२ ला दळण थांबलं. बंदरांजवळच्या मोठ्या रोलर गिरण्यांपुढे देशभरातल्या गावोगावच्या चक्क्या तेव्हा अशाच बंद पडत होत्या.

१९२१ मध्ये सारा मारिया विल्सन यांनी ती ३५० पौंडांना घेतली आणि वास्तुविशारद सेसिल अपचर यांच्याकडून तिचं सुट्टीत राहायचं घर करून घेतलं. मनोऱ्याच्या माथ्यावरच्या फिरत्या टोपीतली यंत्रणा उतरवली, दातेरी चाकांची टेबलं केली, बाहेर पोकळ लाकडी पाती लावली. चाकांची टेबलं व्हावीत हे आजही मनाला लागतं. पण घर झालं नसतं तर छप्पर उडालेला विटांचा बुंधा तेवढा उरला असता. तसे बुंधे नॉरफोकभर आहेत.

काय गेलं ते कळायला आतलं काम कसं चालायचं ते बघावं लागतं. पाती फिरली की टोपीतला तिरका आस फिरतो. त्यावरचं भलंमोठं दातेरी चाक उभ्या खांबाला फिरवतं आणि खाली त्या खांबावरच्या दुसऱ्या मोठ्या चाकातून जात्यांना गती मिळते. दोन टप्प्यांत वेग वाढतो: पाती मिनिटाला पंधराएक फेरे घेतात तेव्हा जातं शंभराच्या वर जातं. पोती साखळीने मजल्यांच्या झडपांमधून वर चढायची, धान्य आपल्याच वजनाने खाली जात्यात उतरायचं. जात्याच्या खाचा बोथट झाल्या की वरची पाळ उलथून टाकी लावायची, हे आपल्याकडच्यासारखंच. टोपीच्या मागच्या लहान पंख्याची पद्धत १७४५ ची. वारा बदलला की तो टोपी आपोआप वाऱ्याकडे वळवतो. पात्यांना झडपा लावून चालू चक्कीतच त्या उघडमीट करायची युक्ती विल्यम क्युबिटची, पेटंट १८०७ चं. तो नॉरफोकचाच.

आता राहण्याचं बघू. पहिली अडचण भिंतीची. ती गोल तर आहेच, शिवाय वर जाताना आत झुकते. सहा मीटर व्यासाच्या खोलीत सव्वा मीटर रुंदीचं सपाट कपाट लावलं की मागे मधोमध सहा सेंटिमीटरहून जास्त फट राहते. वरच्या चार मीटरच्या खोलीत ती दहाच्या आसपास जाते. त्यात कपाटाचा माथा आधी टेकतो आणि पाय भिंतीपासून दूर राहतात. म्हणून इथे तयार फर्निचर आणू नये, सुताराकडून भिंतीचा साचा काढून करून घ्यावं.

दुसरी आणि खरी अडचण ओल. सरळ भिंतीवरचा पाऊस बराचसा निथळून जातो, झुकत्या भिंतीवर तो अंगावरून ओघळत राहतो. विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, चुन्याने भरलेल्या असतील तर मुरलेलं पाणी वाळून बाहेर पडतं. कुणी सिमेंटने दरजा भरल्या की ते विटेत अडकतं, थंडीत गोठतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं सगळ्यांत आधी कुजतात. वरून रंग छान दिसतो, म्हणून टोच्या खुपसूनच बघायचं; तो सहज आत गेला तर तुळई गेली. खोल्या गरम ठेवून मजल्यांच्या झडपा कायमच्या बुजवल्या की वारा खेळत नाही, मग आतूनही दव धरतं. एखादी तरी झडप उघडती ठेवावी.

पात्यांचा मुख्य वासा जिथे लोखंडी खोबणीतून जातो तिथे पाणी साचतं आणि कूज तिथूनच लागते. आस मोकळा असेल तर पाती महिन्यातून एकदा पाव फेरा फिरवून उभी करावीत, म्हणजे तीच बाजू सतत भिजत नाही.

टोपीबद्दल मात्र अजिबात हयगय नको. ती मनोऱ्यावर नुसती बसलेली असते, मुख्यतः स्वतःच्या आणि आतल्या आसाच्या, चाकाच्या वजनावर. ते वजन काढून घेतलं की टोपी हलकी होते, आणि वारा मागून शिरला तर ती उचलली जाऊ शकते. यंत्रणा काढायचीच असेल तर त्याच कामात टोपी भिंतीच्या माथ्याला पोलादी पट्ट्यांनी जखडून घ्यावी. त्याआधी माथ्याचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा, कारण आसाच्या भाराने माथा वर्षानुवर्षांत किंचित लंबगोल झालेला असतो आणि कागदावरच्या अचूक वर्तुळाप्रमाणे कापून आणलेल्या पट्ट्या तिथे बसत नाहीत.