जामीन मिळेल, पण न्यायला कोण येणार?

मुंबईतल्या एका निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथं, मी ज्या मुलांना भेटते, त्यांतली बरीचशी बिहार-उत्तर प्रदेशातून कामाला आलेली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १२ नुसार जामीन हाच नियम, नाकारणं अपवाद. पण प्रत्यक्षात न्यायला बहुधा पालकच लागतात, आणि यांतल्या एका मुलाचा बाप दरभंग्यात. प्रकरण ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळासमोरचं मराठी त्या मुलाला कळत नाही. तो नुसती मान हलवतो, आणि ती कबुलीच वाटते! म्हणून आम्ही आधी ‘समझा नहीं, फिर से बताइए’ एवढंच घोकलं.

कलम २४ मुळे, प्रौढ म्हणून खटला चालला नाही तर, दोषी ठरला तरी त्यामुळे पुढं अपात्रता चिकटत नाही, हे सांगितल्यावर त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं : “दीदी, लायसन्स मिलेगा?”

मिळेल. अठरा पूर्ण होऊ देत.