उघाडी

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीसमोर एका शनिवारी आमच्या इतिहासाच्या बाईंनी नववी ‘ब’चा अख्खा वर्ग उभा केला होता. सकाळची शाळा नुकतीच सुटली होती, दप्तरे पाठीवर होती आणि भूक लागली होती. बाई म्हणाल्या, “हा तुरुंग आहे हे थोडा वेळ विसरा. हा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी.” मग १९ एप्रिल १९१० चे सांगितले. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे याच भिंतींच्या आत फाशी गेले. या रस्त्याने आम्ही रोज जायचो, पण त्याआधी भिंतीकडे कधी मान वळवून पाहिले नव्हते.

मला मात्र त्या दिवशीची दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाबद्दल याच किल्ल्यात ठेवले होते. देशी शिपायांवर विश्वास नको म्हणून पहारा गोऱ्यांचा. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. गोष्ट अशी सांगतात की, एका मराठा मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, किल्ल्यातल्या साहेबाकडे नोकरी धरली. त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोडा फिरवता फिरवता तो गाणे म्हणायचा आणि सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यातच होता. पहारेकऱ्यांना गाणे ऐकू येत होते, भाषा येत नव्हती.

आम्ही खूश झालो. बाईंनी लगेच विचारले, “हे कोणी लिहून ठेवले?” बिशप हेबर नावाच्या इंग्रज धर्मगुरूने. तो या भागात कधी आला? १८२५ मध्ये. “म्हणजे नऊ वर्षांनी. मग त्याने स्वतः पाहिले का? त्याला कोणी सांगितले असेल? सांगणाऱ्याने त्यात काय घातले असेल?” गोष्ट खोटी आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. खरी आहे असेही नाही. आम्ही मात्र घरी जाईपर्यंत त्यावर भांडत होतो.

बाईंची ही सवय वहीतही उतरायची. उत्तर पुस्तकातल्यासारखे तंतोतंत असले तरी समासात लाल शाईने दोन शब्द असायचे : ‘कोण म्हणते?’ आठवीत असताना, १९८४ च्या जानेवारीत, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून उरणकडे आंदोलन पेटले होते. १६ आणि १७ तारखेच्या पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. बाईंनी नागरिकशास्त्राच्या तासाला धडा बाजूला ठेवून वेगवेगळ्या वर्तमानपत्रांची कात्रणे वाचून दाखवली. एकात ‘जमाव’ होता, दुसऱ्यात ‘शेतकरी’. माणसे तीच. मूलभूत हक्कांची यादी मला पाठ होती. ती कशासाठी असते हे त्या तासाला पहिल्यांदा जाणवले.

आणखी एक तास सांगतो, तो मराठीच्या सरांचा. त्यांनी प्रत्येकाला पुस्तकात नसलेले दहा शब्द घरून आणायला सांगितले होते. नौपाड्यातल्या आम्हा मुलांचे शब्द साधारण सारखेच निघाले. चेंदणी कोळीवाड्यातला आमचा एक मित्र उठला आणि वाचू लागला : उधाण, भांग, खाजण... मागच्या बाकांवर हसू फुटले. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावले, हातात खडू दिला आणि स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते ते उधाण, अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते तो भांग, हे मी त्या मित्राकडून शिकलो. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा होता, पण ठाण्याच्या खाडीचे पाणी त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात आले.

दहावीनंतर मी विज्ञान शाखेला गेलो आणि पुढे स्थापत्य अभियंता झालो. घरातल्यांना बरे वाटले, मलाही. इतिहास-भूगोल संपले असेच तेव्हा वाटले होते.

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामे सगळीकडे निघाली आणि नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका गावाजवळचे सर्वेक्षण माझ्याकडे आले. सिडकोसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांतलेच हे एक. भाताची खारजमीन केव्हाच भराव टाकून बुजवलेली. आम्ही गटार जिथे खाडीत सोडणार होतो त्या जागेकडे हात करून एक आजोबा म्हणाले, “तिकडं नको, उघाडी पलीकडं होती.” मी वहीत टिपले : ‘पलीकडे उघडी जागा.’ आणि पुढे गेलो.

रात्री नोंदी पक्क्या लिहिताना त्या ओळीवर हात थांबला. पलीकडे उघडी जागा नव्हतीच, इमारती होत्या. मग त्यांनी काय सांगितले? आणि एकदम तो किल्ल्याखालचा गोरा पहारेकरी डोळ्यांसमोर आला. शब्द माझ्या कानांवर पडले होते, मराठीच होते, आणि तरी माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. सोबत टेप नाही, दुर्बीण नाही. आधी आजोबा नीट बोलेनात. मोजणीवाले आले की जमीन जाते, हे त्या गावाने भोगले होते. मला उरणची कात्रणे आठवली आणि त्यांचा राग मी माझ्यावर घेतला नाही. मीच विचारले, “आजोबा, उघाडी म्हणजे काय?” मग तासभर ते बोलत राहिले. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे. त्या बांधात एक झडप ठेवलेली, तीच उघाडी. भरती आली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते; ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ती बसवायची जागा हवी तशी निवडता येत नाही. आतले सगळे पाणी उताराने जिथे जमते तिथेच ती हवी. शेते गेली, बांध गेला, उघाडी गाडली गेली, पण पाणी अजून तिथेच जमते, असे ते म्हणाले. आणि खरेच, जुलैत त्याच इमारतींच्या तळमजल्यांत पाणी भरले होते.

हेही एकाच माणसाचे सांगणे, म्हणून आणखी चार घरी विचारले. जुना नकाशा मिळवला, पातळ्या पुन्हा घेतल्या. आजोबांचे बरोबर होते. आमच्या गटाराचे तोंड आम्ही हलवले आणि तिथे झडप बसवली, लोखंडी, पण काम तेच.

आज दहावीच्या वर्षात गणित-विज्ञानाला शिकवणी असते आणि इतिहास-राज्यशास्त्राचा ४० गुणांचा पेपर आदल्या रात्रीवर सोडतात. पालक मला विचारतात, “या विषयांचा पुढे उपयोग काय?” मला हा प्रश्न दुखावतो, कारण त्या विषयांचे ऋण मी रोज वापरतो. स्पर्धा परीक्षेला उपयोगी म्हणून त्यांची बाजू घेणेही मला पटत नाही. कोण सांगतो आहे, त्याला ते कसे कळले, त्याच्या शब्दाचा अर्थ मला खरोखर समजला का, हे प्रश्न मला विज्ञानाच्या प्रयोगशाळेत कोणी शिकवले नाहीत. ते बाईंनी आणि सरांनी शिकवले, तेही चौदाव्या-पंधराव्या वर्षी, जेव्हा मन ओले असते. पुढे महाविद्यालयात ते शिकवणारे कोणी भेटले नाही.

शाळेला माझी एक विनंती आहे. येत्या वर्षी नववीच्या मुलांना एका शनिवारी माझ्याबरोबर खाडीवर पाठवावे. आजोबा आता नाहीत. त्यांच्या सूनबाई आहेत, त्या बांधावर राबलेल्या आहेत आणि बोलायला तयार आहेत. मुलांनी वही आणावी, प्रश्न घरून लिहून आणू नयेत. दिवस शाळेने ठरवावा, ओहोटीची वेळ मी पाहून कळवतो.