प्लांट डायव्हर्सिटी, इव्होल्युशन आणि इकॉलॉजी: हा कोर्स मी कसा काढला

हा कोर्स घेतला तेव्हा सीनियर्सनी एकच सांगितलं, रट्टा मार आणि पास हो. सुरुवातीला वाटतंही तसंच, आधी शैवालं, मग मॉस, मग नेचे, मग सायकस-पायनस, मग फुलझाडं, प्रत्येकाचं लाइफ सायकल वेगळं, अवयवांची नावं वेगळी, आणि डायग्राम तर विचारूच नका.

रट्टा मला कधीच जमला नाही, म्हणून मी ठरवलं की जमिनीवरच्या प्रत्येक गटाला फक्त दोन प्रश्न विचारायचे: हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) पिढी केवढी आहे, आणि ती कोणाच्या जिवावर जगते? मॉसमध्ये आपल्याला दिसतं ते हिरवं रोप हाच हॅप्लॉइड गॅमेटोफाइट, म्हणजे अंडं-शुक्राणू तयार करणारी पिढी, आणि त्याच्या टोकाला दांडा न् कॅप्सूल येते ती डिप्लॉइड (दोन संचांची) स्पोरोफाइट, म्हणजे स्पोर (बीजाणू) तयार करणारी पिढी, त्याच्यावरच पोसलेली. नेच्यात उलटं, मोठं झाड डिप्लॉइड आणि गॅमेटोफाइट एवढासा, बहुतेकदा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, पण दोघं आपापलं जगतात. नेच्यांसारख्याच बी नसलेल्या सेलाजिनेलात स्पोरच दोन साइझचे आणि मादी गॅमेटोफाइट स्पोरच्या भिंतीआतच वाढतो. बी असलेल्या झाडांत तर तो मोठा स्पोर आईला सोडून बाहेरच पडत नाही, आणि फुलझाडांत मादी गॅमेटोफाइट उरतो बहुतेक वेळा ७ पेशी आणि ८ केंद्रकांचा, बस्.

एवढं एका ओळीत लावल्यावर पाठ करायला फारसं काही उरतच नाही. हे सगळं एकाच साच्यातलं आहे हे होफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५१ मध्येच दाखवलं होतं, डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक यायच्या आठ वर्षं आधी, आणि त्याचं नाव लेक्चरमध्ये कसंबसं अर्धा मिनिट येतं, हे मला तरी पटत नाही. सायकस आणि गिंगको ही झाडं मधेच अडकलीत तेही भारी आहे, परागकण आले, परागनलिकाही आली, तरी शुक्राणू अजून पोहतातच! जपानमध्ये १८९६ साली हिरासे या वनस्पतिशास्त्रज्ञाने गिंगकोत ते पाहिले.

प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात आवडलं ते नेच्याचं स्पोरँजियम, म्हणजे स्पोरची पिशवी. पानामागचा तपकिरी ठिपका सुईने खरवडून कोरड्या स्लाइडवर घेतला, वरून दिवा लावला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. अ‍ॅन्युलस म्हणजे स्पोरँजियमवरची पेशींची कडी; तिच्या पेशींची बाहेरची भिंत पातळ आणि बाकीच्या जाड, त्यामुळे पाणी उडायला लागलं की ती कडी हळूहळू सरळ होत मागे वाकते, स्पोरँजियम फाटतं, आणि आतल्या पाण्याला ताण असह्य झाला की त्यात बुडबुडा होऊन कडी गलोलीसारखी फाडकन परत येते. स्पोर कुठे गेले ते दिसतसुद्धा नाही.

वर्गीकरणात मात्र डोकं फिरतं. लॅबमध्ये बेंथम-हूकरची एकोणिसाव्या शतकातली पद्धत, थिअरीत डीएनएवर आधारलेली एपीजी. बेंथम-हूकरने जिम्नोस्पर्म (सायकस-पायनससारखी उघड्या बियांची झाडं) चक्क डायकॉट (द्विदल) आणि मोनोकॉट (एकदल) फुलझाडांच्या मध्ये बसवलेत, त्यामुळे इव्होल्युशन शिकून आलेला माणूस तिथे अडखळणारच. एपीजीची पहिली यादी १९९८ची, चौथी २०१६ची, त्यात ४१६ कुळं. जुनं लिलिएसी कुळ तर पार फुटलं, कांदा-लसूण अ‍ॅमॅरिलिडेसीत, शतावरी अ‍ॅस्परॅगेसीत, कोरफड अ‍ॅस्फोडेलेसीत. मी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी लिहिल्या आणि परीक्षेत प्रश्न कुठल्या पद्धतीवर आहे ते आधी बघायचो.

इकॉलॉजी वर्गात सोपी आणि बाहेर अवघड. क्वाड्रॅट (झाडं मोजायची चौकट) टाकला की पहिला वाद हाच की या गवताचं हे एक झाड की दहा? खालून सगळं एकाच खोडाने जोडलेलं असतं. मग आम्ही मोजणं सोडून किती टक्के जमीन झाकली ते लिहायला लागलो. शिवाय सगळ्यांचा हात आपोआप फुलं दिसतील तिकडे वळतो, म्हणून रँडम नंबर काढूनच जागा ठरवायची, मग तिथे काटे असोत की नुसता दगड. शॅनन इंडेक्स (विविधतेचा आकडा) कॅल्क्युलेटरवर निघतो हो, पण शेजारच्या प्लॉटपेक्षा तो वेगळा आहे असं म्हणायला स्टॅटिस्टिक्स लागतं, आणि ते या कोर्समध्ये जेमतेम एक चॅप्टर. ज्यांना पुढे इकॉलॉजी करायचीये त्यांनी स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर आधीच उरकून घ्या, मी पुढच्या सेमला घेतोय.