तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेंटिलेटर एकच उरला तर कुणाला?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो आणि विचारणारी माणसं वाईट नसतात. सुरुवात ठरलेली, "राग मानू नका हं, पण..." आणि मग समजा व्हेंटिलेटर एकच उरलाय, पेशंट दोन आहेत, एक धडधाकट आणि एक तुमच्यासारखा, तर धडधाकट माणसाला आधी देणं जास्त बरोबर नाही का? मला स्नायूंचा जन्मजात आजार आहे, व्हीलचेअर वापरते, रात्री बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क लावून झोपते. तेव्हा 'तुमच्यासारखा' म्हणजे कोण ते मला कळतं.

राग नाही येत. पण हा प्रश्न कागदावर उतरला की काय होतं ते मी वाचलंय, आणि त्याची भीती वाटते.

2020 च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने (कुठल्या उपचारांवर सरकारी पैसा घालायचा ते ही संस्था ठरवते) कोविडसाठी सूचना काढल्या, की आयसीयूचा निर्णय घेताना पेशंटचा फ्रेल्टी स्केलवरचा स्कोर बघा. हे स्केल मुळात वयस्कर लोकांसाठी बनवलेलं, वयाने शरीर किती खचलंय ते बघायला. 1 म्हणजे ठणठणीत, 9 म्हणजे अखेरचे दिवस, आणि 5 किंवा जास्त आला की आयसीयूत नेणं योग्य आहे का याचा विचार करा. अंघोळ-कपडे सगळ्यालाच दुसरं माणूस लागत असेल तर 7. मी माझा स्कोर काढला. मला उठवायला, अंघोळ घालायला माणूस लागतं, लहान होते तेव्हापासून लागतं, म्हणजे मी 7. माझा डिग्रीचा निकाल लागला त्या दिवशीही 7 आणि नोकरीचा पहिला पगार झाला त्या दिवशीही 7! अपंगांच्या संघटनांनी तिथे जोरदार आवाज उठवला आणि काही दिवसांतच सूचना बदलली, की तरुण पेशंट, कायमचं पण स्थिर अपंगत्व असलेले, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले यांना हे स्केल लावू नका. बदलली ते चांगलंच झालं, पण आधी कुणाच्या लक्षातच कसं आलं नाही?

दुसरा हिशोब याहून जुना आहे, क्वाली. उपचाराने किती वर्षं मिळतील ती मोजायची आणि ती वर्षं कशी असतील त्याने गुणायचं, पूर्ण तब्येतीचं एक वर्ष म्हणजे 1. ऐकायला अगदी योग्य वाटतं. आता समजा माझ्या जगण्याला कुणी 0.5 दिले. मला आणि शेजारच्या पेशंटला एकच इन्फेक्शन, एकच औषध, दोघंही बरे होऊन दहा-दहा वर्षं जगणार. त्याची दहा, माझी पाच. औषधाने माझ्यावर काही कमी काम केलं का? नाही, ज्या आजारावर ते औषध नव्हतंच तो आजार बरा झाला नाही म्हणून माझे मार्क कापले. तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी 1987 मध्येच याला एकाच माणसावर दोनदा आलेलं संकट म्हटलं होतं. आणि ते 0.5 ठरवतं कोण, तर बहुतेकदा सर्वसाधारण लोकांना कल्पना करायला सांगून ठरतं, की तुम्ही असे असता तर? अमेरिकेत 714 डॉक्टरांचा सर्व्हे 2021 मध्ये छापून आला, त्यात 82 टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की गंभीर अपंगत्व असलेल्यांचं जगणं इतरांपेक्षा कमी दर्जाचं असतं. उलट 1999 च्या एका अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्यांनाच विचारलं तर निम्म्याहून जास्त लोक म्हणाले की आमचं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय. माझंही चांगलं चाललंय. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये.

मग माझं उत्तर काय, तर मी अजिबात असं म्हणत नाही की अपंग आहे म्हणून मला आधी द्या. या आजारात, या वेळी, हा उपचार माझ्यावर चालेल का एवढंच बघा. शेजारच्याची वाचण्याची शक्यता 80 टक्के आणि माझी 20 असेल तर त्याला द्या, मनापासून सांगते. पण त्याची 55 आणि माझी 50 असेल तर चिठ्ठी टाका. चिठ्ठी म्हटलं की लोकांना कसंतरी होतं, जीव काय चिठ्ठीवर सोडायचा का म्हणतात, पण चिठ्ठी निदान मला 7 तरी म्हणत नाही. आणि व्हेंटिलेटर एकच का उरला, किती घ्यायचे ते कुणी आणि कधी ठरवलं, हे विचारायचं धाडस मात्र फार कमी जण करतात.

न्यूयॉर्कच्या 2015 च्या नियमावलीत तर असं होतं, की मोठ्या साथीत रोजचा व्हेंटिलेटर वापरणारा माणूस हॉस्पिटलमध्ये आला तर त्यालाही तेच निकष लावायचे, म्हणजे त्याचा व्हेंटिलेटर दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हे वाचलं त्या रात्री मी बायपॅपच्या आवाजाकडे बराच वेळ कान देऊन पडले होते.

मागे मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा एक तरुण डॉक्टर बेडच्या पायथ्याशी उभा राहून माझ्या भावाला विचारत होता, "यांची रोजची अवस्था काय असते?" भाऊ म्हणाला, "तिलाच विचारा ना." तोंडावर मास्क, बोलता येईना, मग भावाने फोन माझ्या अंगठ्याखाली धरला आणि मी टाइप केलं, 'मी भाषांतराचं काम करते. परवापर्यंत करत होते. शुक्रवारी फाइल द्यायचीये.' वेळ लागला, दोन-तीन मिनिटं तरी, पण तो थांबला. वाचलं, ओशाळला, आणि खुर्ची ओढून माझ्या डोक्याशी येऊन बसला. पुढचे सगळे प्रश्न त्याने मला विचारले, हो असेल तर एकदा डोळे मिटायचे.

तेव्हापासून बायपॅपच्या बॅगेत एक कागद असतो. बरी असताना मी काय काय करते, बोलता येत नसेल तर माझ्याशी कसं बोलायचं, आणि खाली ठळक अक्षरात, हे मशीन माझं आहे आणि मला जगायचंय. भाऊ दर सहा महिन्यांनी त्यावरची तारीख बदलून नवीन प्रिंट काढतो.