पक्षपाती समीक्षक

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चित्राची पारख एकाच शब्दात उरकत असे: ‘हुबेहूब’. फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभे राहून वडिलांनी तो इतक्यांदा उच्चारला होता, की समीक्षा म्हणून काही निराळा उद्योग असतो, हे मला पुष्कळ उशिरा, कलासमीक्षक गीता कपूर यांचे लेखन वाचताना कळले.

त्यांचा जन्म 1943 चा. शिक्षण न्यूयॉर्क आणि लंडन येथे झाले, वास्तव्य दिल्लीत. तरी बडोद्याशी त्यांचे नाते जुने आहे. भूपेन खख्खर आणि गुलाममोहम्मद शेख हे चित्रकार 1969 ते 1973 या काळात इथून ‘वृश्चिक’ हे छोटेखानी नियतकालिक काढत (नाव विंचवाचे, आणि नांगी बहुधा ललित कला अकादमी या राष्ट्रीय कलासंस्थेच्या दिशेने). भारतीय चित्रकाराने आपली ओळख नेमकी कुठे शोधावी, या प्रश्नावरचा गीताबाईंचा दीर्घ निबंध त्यातच छापला गेला.

1981 मध्ये मुंबईत आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन भरले. खख्खर, शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि ठाण्याचे रेडिओलॉजिस्ट सुधीर पटवर्धन अशा सहा जणांच्या त्या प्रदर्शनासाठी लिहिताना त्यांनी मनुष्याकृतीची आणि चित्रातल्या कथनाची बाजू घेतली. सुंदरम पुढे त्यांचे पती झाले. तेव्हा आपल्याच माणसांची तरफदारी केली, असा आक्षेप कुणीही घेईल. मला मात्र त्यांचा प्रामाणिकपणा भावतो, कारण आपली मते पक्षपाती आहेत हे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकले होते. भाषेबद्दल मात्र तक्रार आहे: त्यांचे एकेक वाक्य तीनदा वाचावे लागते.

2001 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधील ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनाचा मुंबई विभाग त्यांनी आशिष राजाध्यक्ष यांच्यासह मांडला, आणि त्यासाठी 1992 ते 2001 हा काळ घेतला. दंगलींच्या वर्षापासून सुरुवात करणे हेच मुळात एक विधान होते.

त्यांच्या 1978 च्या पुस्तकात ज्या सहा चित्रकारांवर प्रकरणे आहेत, त्यांत हुसेन आणि सूझा यांच्या पंक्तीला हिशेबनीस खख्खरही बसलेले आहेत. ते वाचल्यावर मी खख्खरांच्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’ची (1972) छापील प्रत वडिलांपुढे ठेवली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, “हुबेहूब नाही. पण या दुकानात मी जाऊन आलोय.”