गुलबक्षीची वही : चौथा पावसाळा

पांढरा परत आला! 26 ऑगस्टला संध्याकाळी पाचच्या सुमारास गच्चीवरच्या 11 नंबरच्या कुंडीत पहिलं फूल उमललं, दुधासारखं पांढरं. त्याचं आई-बाप एकच झाड, फिकट गुलाबी. मी कुंडीपाशी बसूनच राहिले. आई चहाला हाका मारत होती, पण उठवेना.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. राणी रंगाची गुलबक्षी आमच्या सांगलीतल्या जुन्या घराच्या परसातली, आजीच्या वेळेपासून आपली आपण उगवणारी. पांढरी हरिपूरच्या मावशींनी दिली. 2022 मध्ये दोन्हींच्या कळ्यांवर मलमलच्या पिशव्या बांधून स्वतःच्याच परागांवर बी धरलं. 2023 ला त्या बियांची रोपं फुलली. राणीची सगळी राणी, पांढरीची सगळी पांढरी. दोन्ही वाण शुद्ध आहेत याची खात्री झाल्यावरच संकराला हात घातला.

संकराचं काम नाजूक. फूल चार-पाचला उमलतं आणि उमलताना परागकोश फुटतात, म्हणून तीनच्या उन्हातच कळी हातात घ्यावी लागते. कळीची नळी सुईनं उभी चिरायची आणि आतले पाचही पुंकेसर चिमट्यानं काढायचे. मधला लांब स्त्रीकेसर दुखावता कामा नये. त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी कुक्षी असते. संध्याकाळी तिच्यावर राणीचे पराग टेकवायचे आणि पिशवी बांधायची, नाहीतर रातपतंग आपल्या आधी काम उरकतात. पराग इतके मोठे की सुटा कण नुसत्या डोळ्यांना दिसतो. मेंडेलनं याच झाडावर एकेक परागकण ठेवून बी धरलं होतं आणि 1870 साली वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलीला तसं पत्रानं कळवलंही होतं. एका फुलाला बी एकच, काळी, मिऱ्याएवढी. 40 कळ्यांवर मला 17 बिया मिळाल्या. (बिया विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर डबी उंचावर ठेवा.)

आई म्हणून पांढरी मुद्दाम घेतली होती. 2024 मध्ये 14 रोपं फुलली, त्यात 9 गुलाबी आणि 5 पांढरी. ती पाच माझी चूक. कळ्या चिरायला उशीर झाला आणि आईचेच पराग आईला लागले. आई राणी रंगाची असती तर अशी रोपं आईसारखीच राणी निघाली असती आणि मला वाटलं असतं, राणी रंग वरचढ दिसतो. संकराला आई निवडताना फिका वाण घ्या, एवढं माझं ऐकाच.

ते 9 गुलाबी बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "दुधात रूह अफजा घातल्यासारखं झालंय." दिसतं खरं तसं. पण सरबतातून दूध पुन्हा वेगळं काढता येत नाही, आणि इथे निघालं. गुलाबी झाडांवर पिशव्या बांधून धरलेल्या बियांची 46 रोपं या वर्षी फुलली : 13 राणी, 21 गुलाबी, 12 पांढरी. हिशोबानं 1:2:1, म्हणजे साडेअकरा, तेवीस, साडेअकरा यायला हवीत. इतक्या कमी रोपांत यापेक्षा जवळ काय येणार!

प्रत्येक झाडात या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकाच जनुकाचे जे वेगवेगळे अवतार असतात ते अ‍ॅलील. राणीकडे दोन्ही प्रती रंग करणाऱ्या, पांढरीकडे दोन्ही बिनरंगाच्या, गुलाबीकडे एकेक. तिच्यात एकाच प्रतीवर रंग तयार होतो, तो कमी पडतो, म्हणून फूल फिकं. हा रंग बीटाच्या रंगाच्या कुळातला आहे. वाटाण्याचं तसं नाही. तिथे जांभळ्या फुलाला एक चालती प्रत पुरते, म्हणून मेंडेलला मधला रंग दिसलाच नाही. मिसळला तो फक्त डोळ्यांना दिसणारा रंग. अ‍ॅलील गुलाबी फुलाच्या आतही वेगवेगळेच राहिले, आणि पराग व बीजांड बनताना प्रत्येकाच्या वाट्याला दोनांतलं एकच आलं. हरिपूरच्या मावशींचा पांढरा एक पिढी झाकला गेला, पण जराही मळला नाही. 11 नंबरचं फूल मी त्यांच्या झाडाच्या फुलाशेजारी धरून पाहिलं, फरक सांगता येत नाही.

पिवळ्या गुलबक्षीचा हिशोब याहून गुंतागुंतीचा, तिला इतक्यात हात लावणार नाही.

आता पुढचं. मिरजेच्या मैत्रिणीकडून चट्ट्यापट्ट्याच्या पानांची गुलबक्षी आणली आहे. एकाच झाडावर एक फांदी हिरवी, एक पांढरट, एक मिश्र. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेन्सनं 1909 मध्ये दाखवलं की इथे बापाचं काही चालत नाही. फूल ज्या फांदीवरचं, पिल्लू त्या फांदीसारखं, कारण हरितलवकं, म्हणजे पानाला हिरवं करणारे पेशीतले कण, बीजांडातून येतात. पांढऱ्या फांदीवरच्या फुलांना हिरव्या फांदीचे पराग लावून 6 बिया धरल्या आहेत, आणि उलट बाजूनं 9. दोन डब्या, दोन चिठ्ठ्या, पेरणी जूनमध्ये. त्या सहांची रोपं पांढरीच उगवली तर हरितद्रव्याशिवाय फार दिवस तगणार नाहीत, म्हणून कोंब दिसल्यापासून रोज सकाळी फोटो काढायचा असं वहीत आत्ताच लिहून ठेवलंय.