गोड्या पाण्यानं कुजलेला डेक: जुन्या शिडाच्या बोटीची दुरुस्ती, माझा अनुभव

शिडाची जुनी बोट घ्यायची म्हटली की जो तो वाकून तळ बघतो. खरं दुखणं बहुतेक वेळा वर, डेकमध्ये असतं.

आमची बोट कॅटालिना 22. इथे मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागराच्या काठी, या बोटी पैशाला पासरी. फ्रँक बटलर यांच्या या डिझाइनच्या पंधरा हजारांवर बोटी निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. माझ्या लेखी ती घेण्याचं हेच मोठं कारण. खालची लोखंडी कील, म्हणजे बोटीला तोलून धरणारं तळाचं पातं, सुमारे 250 किलोची. ती वर ओढून घेतली की बोट ट्रेलरवर बसते आणि थेट दारात येते. बोटयार्डाचं भाडं वाचतं, शेजाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात.

कीलचं काम दिसायला भयंकर, पण सरळ. गंज घासून लोखंड चकचकीत करायचं, पुन्हा गंज धरायच्या आत त्यावर एपॉक्सीचे (दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या राळेचे) थर द्यायचे, कील जिच्यावर फिरते ती पिव्हॉट पिन आणि ओढायची तार नवी घालायची. शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा रंग उघड्या लोखंडाला लावायचा नाही, कारण खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला खातं. डोलकाठीच्या ताणतारांवरून कापसाचा बोळा फिरवला. एका ठिकाणी तो अडकला, म्हणजे तिथला पदर तुटलेला. सगळ्याच तारा बदलल्या. यात काटकसर नको.

मग डेक. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये प्लायवूडचा गाभा, अशी त्याची रचना. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं, माठ घेताना वाजवून बघतात तसा, इंच इंच ठोकत गेलो. चांगल्या जागी खणखणीत आवाज, कुजलेल्या जागी बद्द. बद्द भाग पेन्सिलीनं आखत गेलो, तर डोलकाठीच्या पायथ्यापासून उजव्या कठड्यापर्यंत मोठा नकाशाच तयार झाला. छोटं भोक पाडल्यावर ड्रिलच्या टोकाला काळपट ओला लगदा आला, आंबूस वासाचा.

आधीच्या कुणा मालकानं क्लीट (दोर बांधायचे खुंट) आणि हातपट्ट्या बसवताना डेकमधून सरळ स्क्रू ठोकले होते आणि वरून सिलिकॉन फासलं होतं. सिलिकॉन सुटलं, पावसाचं पाणी भोकातून गाभ्यात शिरलं आणि तिथेच मुरलं. आमचे अलिबागकडचे मामा सांगायचे, खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, गोड्यात सडतं. म्हणूनच मृगाआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या. इथे अमेरिकेत लोक हजारो डॉलर्सची बोट उघड्यावर पावसात ठेवतात.

झटपट उपाय म्हणजे भोकं पाडून आत पातळ एपॉक्सी सोडणं. मला तो पटत नाही. ओल्या लाकडात एपॉक्सी शिरतच नाही, वरवर कडक होतं आणि आतली कूज चालू राहते. आतून छताला फायबरग्लासचं अस्तर असल्यानं काम वरूनच करावं लागलं. मल्टिटूलनं फक्त वरचा थर कापला, अखंड उचलून बाजूला ठेवला आणि लगदा खरवडून काढला. मग ताडपत्रीखाली पंखा आणि हीटर लावून, ओलावा मोजायचं यंत्र होकार देईपर्यंत वाट पाहिली. या कामात कौशल्यापेक्षा हे थांबणंच जास्त आहे.

नवीन मरीन प्लायवूडचे तुकडे, त्यांच्या कडा आधी नुसत्या एपॉक्सीनं भिजवलेल्या. बसवायला सिलिकाची पूड घालून दाट केलेलं एपॉक्सीचं मिश्रण, इतकं की उभ्या काठीवरून ओघळू नये. आमच्या एपॉक्सीचं माप पाच भाग रेझिनला एक भाग हार्डनर. मिसळलेलं पेल्यात तसंच ठेवलं तर तापून धूर सोडतं, म्हणून लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. मग काढलेला थर परत बसवून वर वाळूच्या पिशव्या. सांध्याच्या दोन्ही कडा लांब उतारानं घासून त्यावर काचकापडाचे पट्टे चढवले. एपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर धरतो. तो पाण्यानं धुतल्याशिवाय घासायला घेतला तर सँडपेपर फुकट जातो. त्यात एप्रिलमध्ये इथे परागकणांची पिवळी धूळ उडते. ताज्या रंगावर ती बसली की पुन्हा घासा.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम क्लीट-हातपट्ट्यांच्या भोकांचं. प्रत्येक भोक मोठं करून, खालून टेप लावून एपॉक्सीनं भरायचं आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टपुरतं नवीन भोक पाडायचं. वर ब्यूटाइल टेप, म्हणजे फट बंद करणारी चिकट रबरी पट्टी, आणि बोल्ट रोज थोडा थोडा आवळायचा, म्हणजे टेप दाबून बाहेर येते. आता गळलंच तर थेंब केबिनमध्ये, झोपलेल्याच्या कपाळावर पडेल. गाभ्यात मुरलेलं पाणी कळायला वर्षं लागतात, हे लगेच कळतं.

शेवटी मी वरून पाण्याची नळी धरली आणि बायको आत टॉर्च घेऊन बसली. डेक कोरडा. डाव्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून मात्र धार लागली, आणि तिनं आतून ओरडून सांगितलं, “अहो, आता ती खिडकी!” खिडकीचं रबरी गॅस्केट मागवलं आहे.